भोगावतीच्या अलीकडून

॥ श्री जिनाय नमः ॥

कोल्हापूर, शुक्रवार पेठ
पौष शुद्ध सप्तमी, शके १८३१

चिरंजीव पारीस यास आज्जीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडं समदी खुशाल हायेत, तूबी असावास, आणि सकाळचं काहीतरी खाऊनच उन्हात जात असावास.

तुझं पत्र परवा आलं. तुझ्या बापानं ते मोठ्यानं वाचून दाखीवलं. पर बापूचं वाचणं म्हंजे गुळाच्या ढेपा मोजल्यावाणी, एका शब्दाचा दुसऱ्याला मेळ न्हाय. मग मी कागुद काढून घेतला आणि चुलीपुढं बसून माझं मी वाचलं. तुझ्या आज्जानं शिकीवल्याली अक्षरं हायेत, हळू का हुईना पर चालत्यात. जोडाक्षर आलं की मी त्याला वळसा घालून फुडं जाते. तुझं नाव बापानं नेमकं जोडाक्षराचं ठेवलं, म्हणून तर मी तुला पारीस लिवते. ह्यात लाड कमी, अडचण जास्त.

तर तुला घर बांधाय मिळालं. पुण्याच्या त्या कालिजात इतकी वर्सं चित्रं काढलीस, आता दगुड उचलाय मिळणार. मला काय झालं म्हणून सांगू. शेजारच्या आक्काला सांगितलं, बस्तीत देवदर्शनाला गेले तवा उपाध्यांना सांगितलं, परटिणीला सांगितलं, तिला तर दोनदा. तुझा मालक हंबीरराव म्हंजे रंकाळ्याकडं घोड्यावरनं फेरी मारायचे ते रिसालदारच न्हवं? कानापतूर मिशा होत्या ते? माणूस बरा दिसत होता. पर हे काय सांगणं झालं, की बेटावर घर बांध आणि घर कुणाला दिसू नको दे? लोक घराला रंग देत्यात, दारावर हत्ती काढत्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यानं नाव काढावं म्हणून. आणि हा म्हणतोय दडवून ठेव. मी वाचून एकटीच हसले. सुनेला वाटलं मला ठसका लागला, ती पाणी घेऊन आली.

आता माझ्या मनातलं. तुझं पहिलं घर मला ह्या डोळ्यांनी बघायचं हाय. बापाचं ऐकून तू गुळाच्या पेढीवर बसला न्हाईस, तवा घरात जे काय बोलणं झालं ते मीच पदराआड घेतलं. त्याचा मोबदला म्हण, काय म्हण, पर मला घर दाखीव. अडचण एकच. गेल्या पर्युषणात मी दिग्व्रत घेतलंय ते तुला ठाऊक न्हाय. चारी दिशांना हद्द घालून घ्यायची आणि तिच्याफुडं जन्मभर जायचं न्हाय, म्हंजे आपल्या पायाखाली तेवढेच जीव कमी मरत्यात. मी उगवतीला कुंभोजचा डोंगर घेतला, दक्षिणेला स्तवनिधी, उत्तरेला पन्हाळा, आणि मावळतीला भोगावती ओलांडणार न्हाय म्हणून सांगितलं. तवा मला काय ठाऊक तू जाऊन नदीत घर बांधशील म्हणून? नदीपल्याड आपलं होतं कोण?

म्हणून एवढंच उलट टपालानं कळीव. ते बेट नदीच्या ह्या अंगाला हाय का त्या अंगाला? ह्या अंगाला असलं तर मी गाडी जुंपायला सांगते.

लोभ हाय तो हायच, तो काय पत्रात मागून वाढतोय व्हय. तुझी आज्जी, पद्मावती.


मुक्काम कातळवाडी, राधानगरीच्या अलीकडे
ता. २७ जानेवारी १९१०

तीर्थरूप आज्जीच्या पायांवर पारीसचे डोके. विशेष विनंती की मी खाऊनच उन्हात जातो.

आज्जी, बेट ह्या अंगालाही नाही आणि त्या अंगालाही नाही. ते मधोमध आहे, म्हणून तर त्याला बेट म्हणतात. काळ्या कातळाचा एक उंच कुबडा, एखादी म्हैस पाण्यात बसून राहावी तसा. पुराचे पाणी त्याच्या कमरेपर्यंत येते, पाठीपर्यंत कधी आलेले नाही असे गावातले म्हातारे सांगतात. वर करवंदीची जाळी, गवत आणि एक मोठे वारूळ.

रिसालदारसाहेबांची अट तुला हसू आणणारी वाटली, पण मला ती हळूहळू पटत चालली आहे. लहानपणी ते गुरे पाण्यात घालून पोहत ह्या बेटावर यायचे. पलटणीत असताना कुठे कुठे हिंडले, तरी डोळे मिटले की हेच बेट दिसायचे म्हणतात. आता त्यांना नि त्यांच्या पत्नीला, तानाबाईंना, उरलेली वर्षे इथे काढायची आहेत, निदान दिवाळीपासून पाऊस लागेपर्यंत तरी. पण घर बांधून बेटच बदलले तर मग आलो कशाला, असे त्यांचे म्हणणे. काठावरून बघणाऱ्याला पूर्वीचाच कातळ दिसला पाहिजे. घर आहे हे आपल्याला ठाऊक असले म्हणजे पुरे, असे ते म्हणाले आणि मिशा पुसून पलीकडे बघत राहिले. (मिशा तुझ्या आठवणीतल्या इतक्याच आहेत.)

म्हणून दगड बेटावरचाच घेणार आहे. घडून गुळगुळीत करायचा नाही. शेवाळ्याची बाजू बाहेर ठेवायची, आणि चुना दरजांत इतका आत दाबायचा की पांढरी रेघ दिसू नये. छपरावर फरश्या, त्यांच्यावर माती, मातीत इथलेच गवत. वारूळ मी हलवणार नाही हे तुला सांगायला नको. तिथे नकाशात भिंतच वाकवली आहे. रिसालदारसाहेब म्हणाले, मुंग्यांसाठी भिंत वाकवणारा इंजिनेर मी पलटणीत पाहिला नव्हता. पण वाकवल्यावर भिंत कातळासारखीच वळली आणि आधीपेक्षा बरी दिसू लागली.

आता तुझ्या व्रताचे. मी इथे बसून पुष्कळ विचार केला. ओलांडणे म्हणजे एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाणे. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाने उंबरा ओलांडला असे आपण म्हणत नाही. बेटावर आलीस तर तू अर्ध्या नदीत असशील, पलीकडे नव्हे. तेव्हा व्रताला धक्का लागत नाही असे मला वाटते. सोबत घराचा नकाशा पाठवतो आहे, तो बघ आणि गाडी जुंपायला सांग.

आपला नातू, आशीर्वादाची वाट बघणारा, पारीस.


॥ श्री ॥

कोल्हापूर
माघ शुद्ध पंचमी, शके १८३१

चिरंजीव पारीस यास, तुझ्या हुशारीला आधी एक आशीर्वाद आणि तुला निराळा. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाय, आनंदानं. अर्धी नदी म्हंजे ओलांडणं न्हवं, हे किती साधं, आणि आमच्या एकाच्याबी ध्यानात येऊ नये. मी लगीच आक्काला म्हटलं, बघ, शिकल्याचा उपेग असा असतोय. आक्का म्हणाली, तुमच्या घरात नवी नवरी उंबऱ्यावर उभी राहिली की तुम्हीच वरडता, आत ये न्हायतर भाईर जा म्हणून. तिला मेलीला काय कळतंय, असं म्हणून मी नकाशा उलगडला.

नकाशा मला उलटा लागला का सुलटा, देव जाणे. त्या नागमोडी रेघा बघून मला वाटलं शेवया वाळत घातल्यात. बापूनं तीनदा फिरीवला आणि म्हणाला ही नदी. मग मी सैपाकघर कुठलं विचारलं, तर त्यानं बोट ठेवलं तिथं तू मोरी लिवली होतीस. एवढं कळलं की जातं कोपऱ्यात घातलंयस. तिथं घालू नको, दळणाऱ्या बाईचा खांदा भिंतीला घासतोय. जरा मधी घे. आणि धूर कुठनं काढणार? घर दडीवलंस, पर धूर दडतोय व्हय?

तर मी नेसून-सवरून बस्तीत गेले. उपाध्यांना तुझं म्हणणं सांगितलं, उंबऱ्यासकट. ते न्हाय म्हणाले न्हाईत आणि व्हयबी म्हणाले न्हाईत. त्यांनी उलट मलाच विचारलं, की बाई, व्रत घेताना भोगावती म्हणालात, तवा तुमच्या डोळ्याफुडं काय होतं? पलीकडचा काठ होता का पाणी होतं?

पारीसा, मला पक्कं आठवलं. डोळे मिटून हात जोडलेवते, आणि माझ्या डोळ्याफुडं मी अशी काठाला उभी हाय आणि पायाच्या बोटांम्होरं पाणी हाय. हितं थांबायचं, असं मनात म्हटलं होतं. काठबिठ काय न्हवता, पलीकडचं कायसुद्धा न्हवतं. पाणी होतं.

तसं मी उपाध्यांना सांगितलं. ते म्हणाले, मग उत्तर तुमचं तुमीच दिलंत, मी काय सांगणार. खोटं बोलले असते तर त्यांना कळणार न्हवतं. पर व्रत काय मी उपाध्यांसाठी घेतलं न्हाय.

भाईर आले तर वहाणा उलट्या घातल्या आणि तशीच घरापतूर आले.

आता तू हिरमुसून बसू नको. मी बेटावर यायची न्हाय, एवढंच. काठाला येते की. काठावर उभी राहून घर बघते. लांबनं बघितल्यालं घर जास्ती बरं दिसतंय, आत गेलं की माणूस जळमटं बघतोय. घर पुरं झालं की कळीव.

कळावे, आणि थोडं माझ्या मनाचंबी कळावे. तुझी आज्जी, पद्मावती.


कातळवाडी
ता. २ मार्च १९१०

तीर्थरूप आज्जीस, तुझ्या रुसलेल्या नातवाचा नमस्कार. विशेष विनंती.

जाते मध्ये घेतले आहे. तानाबाईंना विचारले, त्या म्हणाल्या तुमच्या आज्जीला कळतंय. कातळात एक भेग आहे, धूर तीतून फुटून विरळ होऊन निघेल. सकाळी नदीवर धुके असते, त्यात तो मिसळून जाईल.

पण आज्जी, तू काठावरून बघते म्हणालीस, आणि तेव्हापासून मला पेच पडला आहे. काठावरून काही दिसणार नाही गं. सगळी मेहनत त्याचसाठी चालली आहे. रिसालदारसाहेब रोज सकाळी होडीने काठावर जातात, डोळ्यांवर हात धरून उभे राहतात, आणि कुठे भिंतीचा कोपरा ओळखू आला तर परत येऊन सांगतात. मग आम्ही तो कोपरा उतरवून पुन्हा बसवतो. काम जितके चांगले होईल तितके तुला कमी दिसेल. जगात कोणाला न दिसो, पण तुला दिसले पाहिजे असे घर कसे बांधायचे, हे मला पुण्यात कोणी शिकवले नाही.

म्हणून मी एक ठरवले आहे. उगवतीच्या बाजूला, तुझ्या काठाकडे तोंड करून, एक लहानसा सज्जा काढायचा. चुन्याने पांढरा केलेला, खांबांचा. रिसालदारसाहेबांना खरे कारण सांगितले.  ते म्हणाले, म्हातारीसाठी असेल तर काढ. त्यांनी होकार दिला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठावर उभे राहायला गेले नाहीत.

पुढच्या महिन्यात खांब बसवतो. तू ये म्हणजे झाले.

तुझाच, पारीस.


॥ श्री ॥

कोल्हापूर
फाल्गुन शुद्ध दशमी, शके १८३१

चिरंजीव पारीस यास, आशीर्वाद. वि. वि. असं की तो सज्जा काढू नको.

रागानं लिवत न्हाय. आज घरात पुरणाची डाळ निवडायची होती, ती सुनेवर टाकून लिवाय बसले, ह्यावरनं समज.

तुझा आज्जा मला जोडवी घेऊन आलता एकदा. मला हवी होती तसली, भरीव. आणि ती घ्यायला त्यानं स्वतःचा आवडता पितळी अडकित्ता मोडीत घातला. मी जोडवी घातली, पर सुपारी कातरताना तो दातानं फोडायचा, तवा मला त्या जोडव्यांचा भार व्हायचा. तसं तुझं चाललंय. त्या माणसाला आयुष्यात एवढंच पायजे, की त्याचं बेट होतं तसं ऱ्हावं. माझ्या व्रतापायी त्याच्या बेटाला पांढरं शिंग कशापायी फुटायचं? मी वर्सातनं एक दिस येणार, दोन घटका बघणार. तो रोज बघणार. आणि म्हातारीसाठी काढ असं म्हणाला, म्हंजे तो माणूस माझ्यापरीस मोठा निघाला. हे मला सोसत न्हाय.

हद्द माझी मी घातली. तिची झीज दुसऱ्याच्या घराला लागू नये.

आणि तूबी ऐक. असलं घर बांधशील आणि आज्जीसाठी मधीच नासवशील, तर फुडं दर वेळी कुणासाठी तरी नासवत बसशील. बापू म्हणतोय तसं मग गुळाच्या पेढीवर बसल्यालं काय वाईट?

मी काठाला येणार. काय दिसंल ते बघंन. न्हाय दिसलं तर नदी बघंन, तीबी तुझ्या घरापाशीचीच हाय.

रिसालदारांना माझा नमस्कार सांग आणि त्यांना काठावर जाऊन उभं ऱ्हायला सांग. तुझी आज्जी.


(कार्ड)

कातळवाडी, ता. ४ एप्रिल १९१०

तीर्थरूप आज्जीस नमस्कार. सज्जा रद्द केला. त्या जागी करवंद लावले. रिसालदारसाहेबांनी काठावर जाणे पुन्हा सुरू केले. तुझा निरोप ऐकून त्यांनी एवढेच विचारले, की तुमच्या आज्जी कुठल्या पलटणीत होत्या. जास्त जागा नाही. पारीस.


कातळवाडी
ता. ९ फेब्रुवारी १९११

तीर्थरूप आज्जीच्या पायांशी, विशेष विनंती.

घर झाले. पावसाळाभर काम बंद होते. दिवाळीनंतर येऊन बघितले तर छपरावरचे गवत गुडघ्याएवढे झाले होते आणि शेवाळ पुन्हा धरले होते. पावसाने माझ्यापेक्षा चांगले काम केले. परवा तानाबाईंनी पहिली चूल पेटवली. घाटाच्या चार पायऱ्या बाकी आहेत, तेवढ्यासाठी भट्टी अजून ठेवली आहे.

मला मात्र चंदगडच्या बाजूला एका धर्मशाळेच्या कामावर लगेच निघावे लागते आहे. तिकडे पाऊस लवकर लागतो, थांबता येत नाही. तू आबांना, म्हणजे तुझ्या बापूला, घेऊन होळीच्या आधी ये. इथला नावाडी ज्ञानू, त्याला सांगून ठेवले आहे.

आज्जी, काम नसते तरी मी कदाचित थांबलो नसतो. तू इतक्या लांब येणार, काठावर उभी राहून शोधणार, आणि तुला काही दिसणार नाही. ते मला शेजारी उभे राहून बघवले नसते. बघून आलीस की खरे ते लिही. माझे मन राखायला लिहू नकोस.

तुझा पारीस.


॥ श्री जिनाय नमः ॥

कोल्हापूर
फाल्गुन शुद्ध तृतीया, शके १८३२

चिरंजीव पारीस यास आज्जीचे न मोजता आशीर्वाद. वि. वि. आम्ही जाऊन आलो. खरं ते लिव म्हणालायस, तवा पयल्यापासनं लिवते. हे पत्र चंदगडात बसून एका दमात वाचू नको, जेवून वाच.

गाडीत बापू आणि मी. वाटेत परित्याला पाहुण्यांकडं राहिलो, त्यांच्या म्हशीला रेडकू झालंय, गोंडस हाय. दुसऱ्या दिशी ऊन चढायच्या आत काठाला पोचलो. मी आधी घाटावर बसून पाणी गाळून घेतलं, फडक्यातली जिवाणी परत नदीत सोडली, तोंड धुतलं, आणि मग नीट उभी राहून बेटाकडं बघितलं.

आणि पारीसा, मला घर दिसलं. एकदम दिसलं. बेटाच्या टोकाला, गोल, पांढरं, वर निमुळतं होत गेल्यालं, बस्तीच्या शिखरावाणी. मी हात जोडले. बापूला म्हटलं, बघ रे, हा पोरगा दिसणार न्हाय म्हणत होता, मन राखायला म्हणत होता. बापू म्हणाला दार कुठाय. मी म्हटलं, नव्या पद्धतीचं हाय, पुण्याला शिकलाय, दार पाठीमागनं असंल. घाटावर बाया धुणं धूत होत्या, त्यांनाबी सांगितलं की हे गोल घर माझ्या नातवानं बांधलंय. त्या एकमेकींकडं बघाय लागल्या. मग ज्ञानू होडी लावून आला आणि म्हणाला, आज्जी, ती चुन्याची भट्टी हाय.

बाया हसल्या, मीबी हसले. काय करणार, नमस्कार तर करून झाला होता.

मग ज्ञानूनं बोटानं घर दाखीवलं. बोटाच्या रेघंवर बघितलं तर कातळ. त्याच्याफुडं कातळ. मधी करवंदीची जाळी, परत कातळ. बापूनं कपाळावर हात धरला, डोळे बारीक केले. बापू हातभर लांबनं गुळाची प्रत सांगतोय तुला ठाऊक हाय. त्यालाबी काय गावलं न्हाय. तो चिडला. मला सावलीत बसवलं आणि स्वतः काठानं वर-खाली हिंडून आला. तिकडनंबी कातळच.

खरं लिव म्हणालास म्हणून लिवते. माझा जीव बारीक झाला. सज्जा नको असं मीच लिवलं होतं, त्याचा पस्तावा न्हाय झाला, पर डोळ्यास्नी ते कुठं कळतंय. ते आपले शोधत होते. पायाफुडं पाणी होतं. व्रत घेताना डोळ्याफुडं आलं होतं अगदी तसं, बोटांच्या म्होरं. ज्ञानूची होडी तिथंच डुलत होती. एक पाऊल टाकायचं, बस. ज्ञानूनं हातबी फुडं केला. मी मान हलीवली आणि पाय लुगड्याखाली घेऊन बसले.

तशी बसले असताना कातळ उघडला.

दुसरं कसं लिवू मला कळत न्हाय. मी जिथं नुसता दगूड बघत होते तिथनं एक बाई कडेवर घागर घेऊन भाईर आली. हिरवं लुगडं. चालत पाण्याला उतरली. मी बापूचा दंडच धरला. ज्ञानू म्हणाला त्या तानाबाई. मग त्यानं तोंडाला हात लावून हाळी दिली, की इंजिनेरसायबांच्या आज्जी आल्यात. तिनं पलीकडनं वरडून सांगितलं की मग पावण्यास्नी तिथं उन्हात कशाला बसीवलंय, आण हिकडं. ज्ञानू वरडला की त्यास्नी नदीचं व्रत हाय. ती वरडली कसलं व्रत. त्यानं समदं सांगितलं. माझं व्रत आता कातळवाडीच्या म्हशींनाबी ठाऊक झालं असंल.

तानाबाई घागर तिथंच ठेवून, लगबगीनं परत कातळात शिरली. मी म्हटलं गेली बिचारी, पाणी न भरताच. तेवढ्यात एक झडप उघडली. मग तिच्या शेजारची. मग वाईच वरच्या अंगाला एक. करवंदीच्या आड एक. ती आतनं पळत पळत समद्या खिडक्या उघडत चालली होती, आणि कातळाला एक एक डोळा फुटत होता. शेवटाला मोठं दार दोन्ही अंगांनी उघडून ती मधी उभी राहिली, कमरंवर हात ठेवून, घे बघून म्हणावं तशी. रिसालदारबी तिच्या पाठीमागं आले. मिशा पांढऱ्या झाल्यात. त्यांनी मला लष्करी सलाम ठोकला. मी पदर सावरला आणि काय करावं कळंना म्हणून मीबी तसाच हात कपाळाला लावला. बापू म्हणाला, आई, काय करतीस.

मग मी बापूला म्हटलं, तुला व्रत न्हाय, तू जा. तो म्हणाला आईनं बघितलं न्हाय ते मी आधी बघणार न्हाय. मी म्हटलं, मी तुझ्या डोळ्यांनी बघते, जा. तर गेला.

त्याचा आवाज तुला ठाऊकच हाय, गुळाच्या सौद्यात घासल्याला. एकेका खिडकीत तोंड काढून तो नदीच्या ह्या अंगाला वरडून सांगाय लागला. हे माजघर. हे सैपाकघर, जातं मधी हाय. हितं भिंत वाकडी हाय, भाईर वारूळ हाय, मुंग्या चालल्यात. हितं गार लागतंय. हितनं तू दिसतीस. मी हितनं व्हय, व्हय म्हणत होते. धुण्याच्या बाया धुणं टाकून बसल्या. माझ्या डोक्यात समदं घर हळूहळू उभं राहिलं. आता मला डोळे मिटूनबी त्यातनं चालता येतंय. मोरीतनं सैपाकघरात जाताना एक पायरी हाय न्हवं? बापू तिथं ठेचकाळला, तेबी त्यानं वरडून सांगितलं.

मग तो बराच येळ कुठल्याच खिडकीत दिसंना. मी घाबरले. तर हा पाठीमागच्या चढानं वर गेलता, गवतातनं, घर एवढंच हाय का अजून कुठं हाय ते बघाय. मधोमध उभा राहून हिकडं तिकडं बघत होता. खालनं तानाबाई म्हणाली, दाजी, तुम्ही छपरावर हाय.

बापूनं पायाखाली बघितलं. वहाणा काढून हातात घेतल्या. मग खाली बसला, गवतावर हात फिरवाय लागला, बैलाच्या पाठीवरनं फिरवतोय तसा. आणि तिथनं मला म्हणाला, ह्या खेपंला वरडून न्हवं, पर वारं माझ्याकडं होतं म्हणून ऐकू आलं: “आई, पोरानं घर बांधलं, पर बेटाला कळू दिलं न्हाय.”

मग तो परत आला. सूर्य बुडायच्या आत आम्ही काठावरच भाकरी खाल्ली. तानाबाईनं होडीतनं ताक धाडलं होतं. दिस कलला तशी तिनं एकेक झडप लावून घेतली, दार वढलं, आणि बेट परत पयल्यासारखं झालं.

धुण्याच्या बाया उठताना म्हणाल्या, गेलं की घर. गाडी वळली तवा मी पाठीमागं तोंड करून बसले होते. बापूनं विचारलं, आता काय बघतीस. मी म्हटलं, घर बघते. त्यानं वळून बघितलं, आणि बैलांचा कासरा तसाच हातात धरून, वळण येईपतूर तोबी बघत बसला.

आता चंदगडच्या धर्मशाळेचं काय ते लिव. ती माझ्या दक्षिणेच्या हद्दीच्या, स्तवनिधीच्या, अलीकडं हाय का पलीकडं, हे विचारायचं ऱ्हाऊन गेलं.

बाकी माया हाय तिथंच हाय, तुझं घर बघून आल्याली आज्जी, पद्मावती.